सूतभर

लोखंड कातायचा लेथ घरी आणला त्या दिवसापासून लोक मला एकच प्रश्न विचारत आलेत, आणि तो ऐकला की माझं टाळकं सरकतं. "ह्येच्यातून निघतंय काय?" अरे बाबांनो, बुरा निघतो. लोखंडाचा बुरा निघतो आणि कधीमधी एखादी वस्तू निघते. लोक तासन्‌तास मोबाइल बघतात, पारावर बसून पत्ते कुटतात, त्यांना कुणी विचारत नाही. मी रविवारी घरामागच्या पत्र्याच्या शेडात चार तास लेथ चालवला की सगळ्या गल्लीच्या पोटात दुखतं.

घर आमचं उमरग्यात, हायवेपासून जरा आत. नोकरी लोहाऱ्याच्या एका शाळेत, प्रयोगशाळा सहायक म्हणून. म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या आणि पोरांनी फोडलेलं मोजायचं. तरी सगळे मला सर म्हणतात आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलेलं नाही. लेथ जुना, साडेचार फुटी, सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातला. टेम्पोतून उतरवायला आठ माणसं लागली. बायको दारात उभी राहून म्हणाली, "आता पोळ्याला ह्याच्या बी शिंगाला रंग लावा." आठही माणसं हसायला लागली आणि लेथ माझ्या अंगठ्यावर येता येता राहिला.

शिकवलं कुणी नाही. मोबाइलवर बघून बघून शिकलो, चुकून चुकून शिकलो. पितळेचे भोवरे केले, देवघरातली समई दुरुस्त केली, एक छोटं वाफेचं इंजिन केलं, ते आजपर्यंत चाललेलं नाही. पण मापाची मला चटक लागली. पहिल्यांदा मायक्रोमीटरनं स्वतःच्या डोक्यावरचा केस मोजला तेव्हा मी येड्यासारखा बायकोला बोलवायला धावलो होतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग हातानं काढता येतो हे कळल्यावर माणसाला गर्व होतो. मला झाला. मी इंच सोडले, सुतं सोडली. गवंड्याला, सुताराला फूटपट्टीवर बोट ठेवून "दोन सूत घे" म्हणताना बघितलं की मला मनातून हसू यायचं. इंचाचे आठ भाग, त्यातला एक म्हणजे सूत, म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर. मला ते माप म्हणजे बैलगाडी वाटायची.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय वाळला. लग्न झालं नाही, झालं नाही म्हणण्यापेक्षा तिनं केलं नाही, कारण जी स्थळं आली ती बघून ती म्हणाली होती, "ह्यांच्यापरीस माझा पाय बरा." बस स्टँडच्या मागच्या रस्त्याला तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. एका पायानं पायडल मारता मारता ती दमायला लागली, तेव्हा मी मशीनला मोटर बसवून दिली.

त्या वाळल्या पायाला ती कॅलिपर घालायची. आमच्या घरात कॅलिपर म्हटलं की विचारावं लागायचं, अक्काचा का माझा, कारण माझ्या शेडात मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर होता. अक्काचा म्हणजे दोन लोखंडी पट्ट्या, मांडीपासून बुटापर्यंत, मध्ये चामड्याचे पट्टे आणि गुडघ्याशी सांधा. त्या सांध्यावर दोन्ही बाजूंनी एकेक कडं. उभं राहताना पाय सरळ करायचा, कडं खाली सरकवायचं, सांधा अडकतो आणि पाय खांबासारखा उभा राहतो. बसताना कडं वर ओढायचं, की गुडघा वाकतो. टक करून वर, टक करून खाली. बहिणीच्या उठण्याबसण्याचा तो आवाज मी जन्मभर ऐकत आलो.

घरापासून दुकानापर्यंत ती रोज चालत जायची आणि चालत यायची. पाऊस असो, ऊन असो. गाडीवर सोडतो म्हटलं की खेकसायची, "पाय हायेत मला. एक माझा, एक लोखंडाचा." उमरग्यात लई लोक तिला पायावरनंच ओळखायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. मात्र कुणी हात धरायला आलं की ती जागच्या जागी उभी राहायची, हात काढून घेतल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. त्या चालण्यात तिचं सगळं होतं. ते गेलं तर अक्का खाटेवर बसून राहणारी बाई होईल, हे मला माहीत होतं आणि तिला तर माझ्याआधी माहीत होतं.

गेल्या दिवाळीच्या आसपास ती कडी झिजली. गुडघा लचकायला लागला. ज्या म्हाताऱ्या कारागिरानं तिचे कॅलिपर जन्मभर केले तो वारला होता. नवा फायबरचा मागवला, हलका, दिसायला छान; आठ दिवसांत मांडीला फोड आले आणि तिनं तो माळ्यावर टाकायला लावला. मग एका रविवारी ती शेडाच्या दारात येऊन उभी राहिली.

"एवढी मोठी मशीन घरात हाय, आन् म्या लंगडी ती लंगडीच व्हय?"

लंगडी हा शब्द तिनं स्वतःला वापरलेला चालायचा. दुसऱ्यानं वापरला तर कात्री फेकून मारायची.

"कडीच करायच्यात ना? दोन रविवार दे," मी म्हणालो. आतून मला उकळ्या फुटत होत्या. इतकी वर्षं "ह्येच्यातून निघतंय काय" ऐकलं, आता दाखवतोच म्हटलं.

जुनी कडी किती झिजलीत ते बघायला मी ती हॅक्सॉनं कापली. केवढा शहाणा! नवी व्हायच्या आत जुनी कापणारा दुसरा मूर्ख धाराशिव जिल्ह्यात मिळायचा नाही. पण तेव्हा मला वाटलं, नवी होणारच आहेत. तोवर दुकानाला सुट्टी घे म्हणून अक्काला सांगितलं. कड्याचं काम सोपं नसतं. लोखंडाचा चौकोनी तुकडा घ्यायचा, मधोमध लांबट भोक पाडायचं, आणि ते पट्टीवर असं बसायला पाहिजे की सोडलं तर आपल्या वजनानं खाली यावं आणि हलवलं तर हलू नये. ड्रिलनं भोकं पाडली, कानशीनं कोपरे काढले, दहा घासे मारायचे आणि एकदा बसवून बघायचं. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पहिलं कडं थेंबभर तेलावर पट्टीवरून सरकत खाली आलं आणि टक करून बसलं. मी एकटाच शेडात हसत होतो.

दुसरंही झाल्यावर अक्कानं घालून अंगणात दोन चकरा मारल्या. "झ्याक झालंय रं," म्हणाली. तिच्या तोंडून झ्याक ऐकायला लोकांची हयात जाते. मग कड्यांकडं बघून म्हणाली, "पण काळी काळी नगंत. चकचकीत करून आण. जन्मात पैंजण न्हाय घातलं, ही तरी चमकू दे."

पुढच्या आठवड्यात मी सोलापूरला नेऊन त्यांना निकेल चढवून आणलं. चमकली खरी. पण निकेलचा थर आत भोकालाही चढतो, त्याला जागा सोडायला पाहिजे, हे मी विसरलो. कडी पट्टीवर निम्मी जायची आणि अडकायची. ही चूकही माझीच होती, पण ही निस्तरता येण्यासारखी होती. आतून जराशी कानस फिरवली असती तरी भागलं असतं. मीच फिरवायला पाहिजे होती. पण सोमवारी शाळेत प्रात्यक्षिक परीक्षा होती, बाहेरून परीक्षक येणार होते, मला सातच्या गाडीनं लोहाऱ्याला जायचं होतं. आणि अक्का कुरकुरत होती, "खाटेवर बसून बसून पंधरा दिवस झाले. गिऱ्हाईक दुसरीकडं चाललंय. आज मला उठव."

म्हणून मी बायकोला सांगितलं, कॅलिपर आणि कडी रिक्षात टाक आणि हायवेवरच्या वेल्डिंगवाल्या चाचांकडं दे, मी फोनवर बोलतो. चाचा म्हणजे साठी उलटलेला माणूस. ट्रकचे फाळके, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेची गेटं, सगळं त्यांच्या हातचं. माझ्या शेडाचे अँगलही त्यांनीच जोडलेले.

अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला. परीक्षक माझ्या समोर उभे, लिटमस पेपर सापडत नव्हता, मी घामाघूम झालो होतो.

"सर, कडं पट्टीवर बसंना. निम्म्यात अडकतंय."

"आतून सूतभर घासून द्या."

"सूतभर?"

"व्हय, सूतभर."

"दोन्ही कडी? सर, सूत जरा ज्यादा हुईल असं..."

"चाचा, कडी म्या केल्यात का तुमी? सांगतोय तेवढं करा ना!"

"हौ सर," म्हणाले आणि फोन ठेवला.

मला म्हणायचं होतं जरासं. केसभर. आमच्या घरात सूतभर म्हणजे तेवढंच. आई कणकेत सूतभर पाणी घाल म्हणायची, बायको पडदा सूतभर डावीकडं घे म्हणते. मी स्वतःच्या कामात सुताचं माप सोडून इतकी वर्षं झाली होती की माझ्या डोक्यात सूतचा दुसरा अर्थच उरला नव्हता. पण चाचांच्या दुकानात सूत म्हणजे सूत. त्यांची टेप सुतात, त्यांचा हात सुतात. त्यांना ते जास्त वाटलं, त्यांनी विचारलं, मी तोडून टाकलं. त्यांनी मनाशी ठरवलं असणार, सर लेथवाले आहेत, आत चामडं बिमडं घालणार असतील. आणि दोन्ही कडी आतून एकेक सूत घासून दिली.

दुपारी दोनला अक्काचा फोन. तोवर लिटमस सापडला होता, पण तोंडी परीक्षेची यादी हरवली होती.

"आरं, खुळखुळतंय हे."

"तेल लावलंय म्हणून सरकतंय. नवं हाय. घाल."

"लईच ढिलं लागतंय रं."

"अक्का, मला परीक्षा हाय! म्या माप घेऊन केलंय ते. सवय हुईल. घाल तू."

"बरं," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती कॅलिपर काढून पडली होती. खाटेखाली दोन्ही कडी चमकत होती. मी बघितली आणि जेवायला बसलो. वाकून एका बोटानं हलवलं असतं तरी मला कळलं असतं. मी दमलो होतो, हे खरं कारण आहे आणि ते सांगायला मला आजही तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सातच्या गाडीनं गेलो. दहाच्या आसपास अक्का दुकानाच्या पायरीवर चढत होती. एका बाजूचं कडं वर सरकलं, दुसऱ्यानं भार धरला नाही, गुडघा मिटला. ती डाव्या पायावर पडली नाही. पडली उजव्या कुशीवर आणि खुबा मोडला. चांगला पाय. तिचा एकुलता एक पाय.

शेजारच्या बांगडीवाल्या बाईनं फोन केला. लोहाऱ्याहून काळीपिवळी भरेपर्यंत मी थांबू शकलो नाही, एका मास्तरची गाडी मागून घेतली. उमरग्यात फोटो काढले, तिथून सोलापूर, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आत सळई. डॉक्टर तरुण होते. फोटो उजेडाला धरून म्हणाले, "यांचा सगळा भार याच पायावर होता ना?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, हाड जुळेल, पण पुन्हा स्वतःच्या स्वतः चालतील का ते आत्ता सांगता येत नाही.

गाडीतून आणलेला कॅलिपर दवाखान्याच्या बाकाखाली पिशवीत होता. कपडे आणायला घरी आलो तेव्हा मी तो शेडात नेला आणि भोकाचं माप घेतलं. मी केलं होतं त्याच्याहून तीन मिलिमीटर मोठं, आणि वर थोडं. मी पुन्हा मोजलं, तेवढंच. आणि मग खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कुणीतरी सापडलं होतं.

तसाच चाचांच्या दुकानापुढं गेलो. तीनचार ट्रकवाले उभे होते, पंक्चरवाला होता, चहाची टपरी भरलेली होती. मी आल्या आल्या ओरडलो, "डोळे फुटले हुते का तुमचे? माझी बहीण पाडली तुमी!"

चाचांनी तोंडावरची काच वर केली. "काय झालं सर?"

"सूतभर म्हणलं हुतं म्या! सूतभर!"

"सूतभरच काढलं." त्यांनी खिशातली टेप ओढून अंगठा ठेवून दाखवली. "एक सूत. हे बघा."

"सूतभर म्हंजे केसभर! जराक!"

"सर, सूत म्हंजे सूत," ते हळूच म्हणाले. मी त्यांच्या हातातली टेप हिसडली, ती खाली पडून आपोआप गुंडाळली गेली. वयानं बापासारखा माणूस. सगळे बघत होते. मी तणतणत निघून आलो, आणि पुढचे तीनचार दिवस जो भेटेल त्याला सांगत सुटलो, त्या चाचानं आमच्या अक्काचा पाय मोडला. लोकांनी ते लगेच उचललं. लोकांना काय, कुणाचं तरी नाव पाहिजे असतं.

अक्कालाही मी तेच सांगितलं. ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते, ती पडल्या पडल्या छताकडं बघत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू नेमकं काय म्हणलास त्याला? शब्द सांग."

"सूतभर घासा म्हणलो."

तिनं छतावरची नजर माझ्याकडं आणली. मग म्हणाली, "आरं येड्या, बाई येती आन् म्हणती, बाही सूतभर कमी करा. तिला जराशी म्हणायची असती का इंचाचा आठवा भाग, मला काय ठावं? म्या टेप धरून दाखवते. एवढी? म्हणून विचारते. चाळीस वर्सं झाली, रोज विचारते. त्यानं विचारलं न्हाय?"

मी म्हणालो, "विचारलं."

"किती बार?"

"दोनदा."

"मग तू काय म्हणलास?"

"सांगतोय तेवढं करा म्हणलो." ती रडली नाही, चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, तिच्या चिडण्याची मला सवय आहे. तिनं नुसती मान भिंतीकडं वळवली आणि म्हणाली, "म्या बी इचारलं हुतं तुला. दोनदाच."

मला तिथं धाय मोकलून रडावंसं वाटलं आणि शेजारच्या पलंगावरचे लोक बघतील म्हणून मी रडलो नाही. थोड्या वेळानं ती भिंतीकडंच बघत बोलली, "आधी त्या माणसाला जाऊन सांग. तवर मला तोंड दाखवू नगंस."

मी उमरग्याला आलो. दुपारची वेळ बघून गेलो, कुणी नसेल म्हणून. चाचा डबा खाऊन हात धूत होते. मी म्हणालो, "चाचा, आत चला, जरा बोलायचंय."

त्यांनी रुमालाला हात पुसले. बस म्हणाले नाहीत, चहा सांगितला नाही. "आत कशाला? त्या दिवशी भाईर बोललात. आज बी भाईरच बोला. चार वाजता या, माणसं असत्यात."

अपमान वाटला. एवढा राग आला की परत फिरलो, स्टँडपर्यंत गेलो. पण अक्का भिंतीकडं तोंड करून पडलेली डोळ्यांपुढून हलेना. चार वाजता पुन्हा गेलो. टपरीपुढं तेवढीच गर्दी होती. मी म्हणालो, "आमच्या अक्काचं झालं त्यात चाचांची चूक न्हाय. माझी हाय. त्यांनी मला दोनदा विचारलं. म्या सूतभर सूतभर करत बसलो आन् त्यांना बोलू दिलं न्हाय."

मग एक ट्रकवाला कपात बघत म्हणाला, "सर, सूत म्हंजे तीन एमेम. शेंबडं पोर बी सांगंल." लोक हसले. मीही हसायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही. चाचा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बहनचं कसं हाय आता?" मी म्हणालो, "उठता येत न्हाय अजून." ते मान हलवून कामाला लागले.

अक्का घरी आली ती स्ट्रेचरवर. दीड महिना खाटेवर, मग वॉकर. उजवा पाय टेकवायला परवानगी मिळाली, पण डाव्याला कॅलिपर नसेल तर वॉकरवरही उभं राहता येईना. बायको तिचं सगळं करायची. भांडं द्यायची, अंघोळ घालायची. ज्या बाईनं जन्मात कुणाला दंड धरू दिला नाही ती आता दोन्ही हात वर करून बसायची, लहान पोरासारखी. मला ते बघवायचं नाही, मी शेडात जायचो, आणि शेडात लेथ चालू करवायचा नाही. दोन महिने मी त्या मशीनवरची धूळ पुसली नाही. बायकोनंही ह्या वेळी टोमणा मारला नाही.

शेवटी अक्काच म्हणाली, "कडी कधी करायलास?"

"नगं अक्का. सोलापूरला कुणीतरी बघतो."

"बघून झालं की लई. तुला माप येतंय. माझं माप तुझ्याबिगर कुणाजवळ न्हाय." मग म्हणाली, "पण चाचाला बोलीव. ते म्होरं बसतील, तू कर."

मला हे झोंबलं. पण मी गेलो आणि चाचा आले. शेडातल्या स्टुलावर बसले, माझा लेथ आधी कधी एवढ्या जवळून बघितला नव्हता त्यांनी. मी कानशीनं घासायचो, बसवून बघायचो, आणि दर वेळी ते हात पुढं करायचे. कडं घेऊन पट्टीवर सरकवायचे, अंगठ्यानं डावीउजवीकडं हलवायचे आणि परत द्यायचे. एकदा मी म्हणालो, "आता जराच राहिलंय." त्यांनी विचारलं, "जरा म्हंजे किती?" मी व्हर्नियर त्यांच्या हातात दिला, आकडा दाखवला, तो मोठ्यानं वाचला. त्यानंतर आकड्याशिवाय आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. निकेल बिकेल काही नाही. काळी कडी, तेल पुसलेली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर अक्काला अंगणात खुर्चीवर आणलं. बायकोनं पट्टे आवळले. मी समोर वॉकर धरून उभा राहिलो, चाचा बाजूला पाण्याच्या पिंपाशी. अक्कानं पाय सरळ केला आणि दोन्ही कडी खाली सरकवली. टक. टक. मला त्या आवाजानं इतकं बरं वाटलं की मी म्हणून गेलो, "उठ अक्का. पक्कं हाय."

ती उठली नाही. वाकून एक कडं धरलं, हलवून बघितलं. मग दुसरं धरलं, हलवून बघितलं. माझ्या हातचं काही घालताना तिनं आजवर कधी तपासलं नव्हतं. मोटर बसवून दिली तेव्हा शॉक बसेल का म्हणूनसुद्धा विचारलं नव्हतं. मी दिलं की तिनं घेतलं, एवढंच असायचं. आता ती सगळं करून माझ्यावरून नजर पलीकडं नेऊन म्हणाली, "चाचा, उठू का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मला लागावं म्हणून ती बोललीच नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं.

चाचा पुढं आले, गुडघ्यावर बसले. दोन्ही कडी अंगठ्यानं दाबून बघितली, आणि मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी काही बोलतो का म्हणून. मी बोललो नाही.

"हौ बहन, उठा," चाचा म्हणाले, आणि अक्का उठली.